शिडाची छोटी होडी, दोघंच जण, किनाऱ्याकिनाऱ्याने एक दिवस

मतलई

शिडाच्या होड्यांवर जे काही लिहिलं जातं, त्यात होडीवर चार-पाच माणसं आहेत असं धरूनच चाललेलं असतं. एक सुकाणूवर, दोघं दोऱ्यांवर, एक नकाशात डोकं घालून. दोघंच असलं की हे गणित कोलमडतं. एक सुकाणूवर बसला की उरतो एकच, आणि तो पाणी आणायला आत उतरला की वर प्रत्यक्षात एकटाच माणूस होडी चालवत असतो. म्हणून हा धागा. विषय मुद्दाम लहान ठेवलाय: सात-आठ मीटरची होडी, नवरा-बायको (किंवा कुठलेही दोघं), सकाळी निघायचं, किनारा नजरेत ठेवत जायचं, दुपारी एखाद्या आडोशाला नांगर टाकायचा आणि अंधाराआधी परत यायचं. रात्रीचा प्रवास आणि महासागर यासाठी दुसरा धागा काढा.

माझं म्हणणं आधीच मांडते, मग हवं तेवढं सोलून काढा. दोघांपैकी कुणीही एक जण दुसऱ्याच्या मदतीशिवाय होडी सुरक्षित जागी आणू शकत असेल, तरच बंदराबाहेर पडावं. बऱ्याच जोडप्यांत एक जण सगळं करतो आणि दुसरा सँडविचं वाटतो. निवांत दिवशी हे खपून जातं. सुकाणूवाल्याच्या डोक्यात बूम (शिडाच्या खालच्या कडेचा आडवा वासा) बसला की त्याच क्षणी होडीवर नाविक शून्य.

आता दिवस कसा आखतो ते. आम्ही सुरुवात 'कुठे जायचं' इथून करत नाही, 'किती वेळ आहे' इथून करतो. शिडाच्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. येतील तेवढे नॉट ही साधारण कमाल मर्यादा. पाण्यावरची लांबी २० फूट असेल तर सहा नॉट. (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.) दिवसभराची सरासरी चारच धरावी. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जाऊ शकत नाही, ४५ अंशांत नागमोडी जावं लागतं, त्यामुळे नकाशावरचे दहा मैल प्रत्यक्षात चौदा होतात. चार नॉटने साडेतीन तास. हे न मोजता निघालेल्यांना दुपारी दोन वाजता कळतं की आपण अजून निम्म्यातच आहोत.

आणि प्रवाह. चार नॉटच्या होडीला दीड नॉटचा उलटा प्रवाह मिळाला तर सहा मैलांना जवळजवळ अडीच तास, तोच पाठीशी असेल तर एक तास पाच मिनिटं. म्हणून निघायची वेळ आम्ही ठरवत नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक ठरवतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा गेल्या आठवड्याची वेळ या आठवड्याला चालत नाही.

दिशेबद्दल आमचा नेम असा की सकाळी, अंगात दम असताना, वाऱ्यावर चढायचं आणि परतताना वारा पाठीशी घ्यायचा. तुम्ही लोक कामं कशी वाटून घेता?

काठावरचा

पहिला लंबर माझा. होडी चालवलेली नाही, दुसऱ्यांच्या होडीत ओझं म्हणून बसलोय. आम्ही दोघं शिकायच्या विचारात आहोत, त्यामुळे धागा वेळेवर आला. एक शंका: 'एकट्याने सुरक्षित जागी आणणं' म्हणजे नेमकं काय काय यायला हवं? यादी मोठी असेल तर बायको आत्ताच नाही म्हणेल.

मतलई

यादी तुम्हाला वाटतेय तेवढी मोठी नाही. धक्क्याला सुबक लावता आलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. शिडं उतरवता यावीत, इंजिन सुरू करता यावं, आपण कुठे आहोत ते वाचता यावं, नांगर टाकता यावा आणि रेडिओवर बोलता यावं. एवढं येणारा माणूस शिडं गुंडाळून इंजिनावर उथळ, आडोशाच्या पाण्यात येऊन नांगर टाकेल आणि मदत मागेल. बाकीचं मदतीला येणारे बघतील.

रेडिओचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे दुसरा जोडीदार हमखास बिचकतो. व्हीएचएफचं १६ नंबरचं चॅनेल (१५६.८ मेगाहर्ट्झ) हे हाक मारण्याचं आणि संकटाचं. जीव धोक्यात असेल तर तीनदा 'मेडे', मग होडीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं. धोका जिवाला नसून तातडी असेल तर 'पॅन-पॅन'. नव्या सेटवर लाल झाकणाखाली एक बटण असतं. झाकण उचलून ते काही सेकंद दाबून धरलं की संकटाचा संदेश आपोआप जातो, आणि जीपीएस जोडलेला असेल तर त्यात जागाही असते. हे सगळं एका कागदावर लिहून सेटच्या शेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला आपल्याच होडीचं नाव आठवत नाही.

आणखी एक गोष्ट यायला हवी, ती म्हणजे होडी थोपवणं. जिब (पुढचं लहान शीड) मुद्दाम उलट्या बाजूला धरायचं, मेनसेल (मुख्य शीड) थोडं सैल, आणि टिलर (सुकाणूचा दांडा) वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला बांधून टाकायचा. जिब नाळ (होडीचं पुढचं टोक) एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे, आणि होडी जवळजवळ जागच्या जागी डुलत राहते. करायला अर्धं मिनिट. त्यानंतर शांतपणे जेवता येतं, नकाशा बघता येतो, शीड लहान करता येतं, जखमेवर पट्टी बांधता येते. दोघांच्या होडीला तिसरा माणूस कुठून मिळत असेल तर इथून. फक्त होडी वाऱ्याआड हळूहळू सरकत असते, तेव्हा त्या बाजूला मोकळं पाणी आहे ना ते आधी बघायचं.

आडवा_वारा

धागा उत्तम, पण 'सकाळी वाऱ्यावर चढा, दुपारी वाऱ्याबरोबर या' याला माझा आक्षेप.

किनाऱ्यावर निवांत हवामानाच्या दिवशी होतं काय? सकाळी वारा पडलेला किंवा जमिनीकडून हलका. जमीन तापते, दुपारच्या सुमारास खारा वारा सुरू होतो, दुपारभर वाढत जातो आणि सूर्य कलला की ओसरतो. म्हणजे तुमच्या आखणीत वाऱ्यावर चढायचं ते वारा नसताना, आणि पाठीवर घ्यायचा तो जोरात असताना. पाठीवरचा जोराचा वारा दोघांच्या होडीला सगळ्यात वाईट. होडी डावी-उजवीकडे लोळते, सुकाणूवरचं लक्ष क्षणभर हटलं की वारा शिडाच्या मागच्या बाजूने घुसतो आणि बूम सपकन पलीकडे. तो बूम कुणाची वाट बघत नाही.

खारा वारा येतो समुद्राकडून, म्हणजे मोटामोटी किनाऱ्याला काटकोनात. किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्याला तो जातानाही आडवा आणि येतानाही आडवा! होडी त्यात सगळ्यात आरामात धावते. दहा-अकराला निघा, वारा वाढतोय तोवर जा, टिकतोय तोवर परत या. मात्र हा वारा होडीला किनाऱ्याकडे ढकलत असतो. इंजिन आणि शीड दोन्ही एकदम दगा देऊ शकतात असं धरून नांगर टाकायला पुरेल एवढा वेळ हातात राहील, इतकं अंतर किनाऱ्यापासून ठेवायचं.

मतलई

खारा वारा नेमाने येणाऱ्या किनाऱ्यावर आणि नेमाच्या दिवशी तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझा नेम आहे तो हवामानाच्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्या, दिवसभर एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यासाठी. अशा दिवशी आधी वाऱ्याबरोबर सुसाट जाऊन संध्याकाळी थकलेल्या अंगाने नागमोडी परतणं म्हणजे भांडणाची हमी.

दोन_अधिक_दोन

वाऱ्याबरोबर सुसाट जाण्यात आणखी एक सापळा आहे, त्याचे आकडे देतो. (आयडीला जागायला हवं.)

खरा वारा १४ नॉट. होडी वाऱ्याबरोबर ५ नॉटने चाललीय, तर अंगाला लागतो तो ९ नॉटचा. शर्ट काढून बसावंसं वाटतं. आता परतायचं म्हणून वळलात, ४५ अंशांत वाऱ्यावर, वेग साडेचार. अंगाला लागणारा वारा साडेसतरा नॉट. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे नुसतं वळण्याने दाब पावणेचारपट झाला. खरा वारा तसूभरही वाढलेला नाही.

म्हणून रीफ वळण्याआधी घ्यायचा, वळल्यावर नाही. काठावरचा, रीफ म्हणजे शिडाचा खालचा पट्टा गोळा करून बांधणं, शीड लहान करणं. वाऱ्याबरोबर चालताना वाऱ्याचा अंदाज अंगाने घेऊ नका, पाण्याकडे बघा. बोफर्ट मापनात ११ ते १६ नॉट म्हणजे चार नंबर. पांढऱ्या शेंड्याच्या लाटा बऱ्यापैकी दिसायला लागतात. तुरळक पांढरं दिसत असेल तर तीन नंबर, ७ ते १०. नौदलातल्या बोफर्टने हे मापन १८०५ मध्ये मांडलं आणि आजही वारामापक नसलेल्या होडीला ते पुरतं.

जुना_तांडेल

वाचतोय. चांगलं चाललंय, पण मूळ मुद्द्यालाच माझा विरोध आहे. होडीला मालक दोन असू शकतात, तांडेल एकच. 'आपण दोघं मिळून ठरवू' हे घराचे पडदे निवडताना ठीक. खडक पुढ्यात आला की एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने करायचं. दोघांना सगळं यावं, हे मान्य. पण दोघं सगळं ठरवायला लागले की होडी मधल्या मध्ये खडकावर.

मतलई

काका, विरोध कुठे आहे? तांडेल एकच, पण तो दर टप्प्याला बदलतो. आमच्याकडे नांगर पडला की तांडेलपण बदलतं. जाताना तो असेल तर येताना मी. तांडेल जो असेल त्याचं ऐकायचं, चर्चा नांगर टाकल्यावर. याने दोन गोष्टी होतात. दोघांचाही सराव राहतो. आणि दुसऱ्याच्या टप्प्यात तोंड बंद ठेवायची सवय लागते, जी मला आठवड्याच्या इतर दिवशीही उपयोगी पडेल असं वाटलं होतं. नाही पडली.

याला अपवाद एकच. 'रीफ घेऊया' आणि 'परत फिरूया' ही दोन वाक्यं दोघांपैकी कुणीही, केव्हाही म्हणू शकतं आणि त्यावर वाद होत नाही. जो जास्त घाबरलाय त्याचं चालतं. एक जण मजेत आणि दुसरा जीव मुठीत धरून बसलाय, असा दिवस पुन्हा कधी निघत नाही.

लाटालाटी

'जो जास्त घाबरलाय त्याचं चालतं' हे वाक्य नवऱ्याला पाठवलंय.

फिरती

मला जरा धक्क्यावर आणि नांगरावर बोलायचंय, कारण जोडप्यांची सगळी भांडणं तिथे होतात. मधल्या समुद्रात कुणी ओरडत नाही.

कुठल्याही नांगरवाड्यात तासभर बसून बघा. दर होडीवर पुरुष सुकाणूवर आणि बाई नाळेवर, हातात साखळी. का? नांगर उचलणं हे ताकदीचं काम, सुकाणू धरणं हे डोळ्यांचं आणि हाताच्या अंदाजाचं. ज्याची पाठ दणकट त्याने पुढे जावं, इतकं साधं आहे. आम्ही उलट केलं आणि ओरडाआरडा निम्म्यावर आली. उरलेली निम्मी हाताच्या खुणांनी गेली. नाळेवरचा माणूस पाठमोरा असतो, मध्ये इंजिनाचा आवाज आणि वारा. त्याचं बोलणं मागे पोचत नाही, मग तो ओरडतो, आणि ओरडणं नेहमी रागासारखंच ऐकू येतं. हात ज्या बाजूला, त्या बाजूला वळव. मूठ म्हणजे थांब. तळवा मागे म्हणजे रिव्हर्स. धक्क्यावर उभं राहून ठरवून घ्या, समुद्रात नको.

नांगराच्या दोरीचा हिशेब बहुतेक जण चुकीच्या खोलीवर करतात. समजा ओहोटीला पोचलात आणि खोली ४ मीटर आहे. मुक्कामात पाणी आणखी २ मीटर चढणार, आणि नाळ पाण्यापासून १ मीटर वर. हिशेब सातवर करायचा. पाचपट म्हणजे ३५ मीटर साखळी-दोरी सोडायची, वारा असेल तर सातपट. चारवर हिशेब केलात तर २० मीटर सुटतील आणि भरतीला नांगर उभा ओढला जाऊन निसटेल. आडवी ओढ बसली तरच तो जमिनीत रुततो. सोडून झाल्यावर इंजिन हळूच रिव्हर्समध्ये टाकून ताणून बघा आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवा, झाडाचं खोड आणि मागचा खांब असं काही. रेष मोडली की होडी सरकतेय. (वाऱ्यावर होडी थोडी झुलतेच, तेवढ्याने घाबरू नका.)

आता धक्का. दोघांनी चार दोऱ्यांशी झुंजायचं नाही. होडीच्या मध्यावर जो खुंटा असतो, त्याची एकच दोरी आधी. ती धक्क्यावरच्या मागच्या बाजूच्या खुंट्याला अडकवायची, इंजिन सावकाश पुढच्या गिअरमध्ये, सुकाणू धक्क्यापासून लांब वळायच्या बाजूला. होडी पुढे जाऊ बघते, दोरी तिला धरते, आणि ती धक्क्याला चिकटून उभी राहते. मग उरलेल्या दोऱ्या चहा पीत बांधा. आणि होडीतून धक्क्यावर उडी मारायची नाही! पाऊल टाकता येईल इतकी होडी जवळ आलेली नसेल, तर पुन्हा वळसा घेऊन या. पाय घसरून माणूस होडी आणि धक्का यांच्यामध्ये पडला तर एकटा उरलेला दुसरा काय करणार?

काठावरचा

एका फटक्यात वाचून काढलं. मधल्या खुंट्याची दोरी वाचून चक्क धीर आला.

पण खरी भीती वेगळीच आहे, ती विचारून टाकतो. दोघांतला एक पाण्यात पडला तर?

जुना_तांडेल

हे सावकाश लिहितो, कारण दोघांच्या होडीवर याहून गंभीर काही नाही.

पहिलं उत्तर: पडायचंच नाही. चार जणांच्या होडीवर एक पडला तर तिघं उरतात. एक त्याच्याकडे बोट रोखून उभा राहतो, एक होडी वळवतो, एक दोरी तयार करतो. तुमच्याकडे उरतो एकच, तोही हादरलेला. म्हणून नाळेकडे जायचं तर पट्टा अडकवून, डेकवर पुढून मागे बांधलेल्या दोरीला. एक जण झोपला असेल किंवा आत असेल, तर वरच्याने पट्ट्याशिवाय कॉकपिट (सुकाणूजवळची बसायची जागा) सोडायचं नाही. लाइफजॅकेट दोघांच्याही अंगावर. १५० न्यूटन तरंगशक्तीचं घ्या. बेशुद्ध माणसालाही पाठीवर वळवून तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी ते बनवलेलं असतं. ५० न्यूटनचं हे पोहता येणाऱ्याला आधार म्हणून असतं, ते त्याला वळवणार नाही.

तरी पडलाच तर. ५ नॉटने होडी एका मिनिटात दीडशे मीटर लांब जाते. मीटरभर लाटेत एवढ्या अंतरावरचं डोकं दिसत नाही. म्हणून पहिलं काम होडी थांबवणं. हाताशी असलेलं तरंगतं कडं, उशी, जे असेल ते फेका आणि त्याच क्षणी होडी वाऱ्यातून पलीकडे वळवा, जिबची दोरी न सोडता. जिब आपोआप उलटं भरतं, होडी थोपते. मतलईताईंनी जे जेवणासाठी सांगितलं तेच इथे जीव वाचवतं. जीपीएसवरचं 'माणूस पाण्यात' बटण दाबा. नजर हटवायला लागेल तेवढी कमीत कमी हटवा. रेडिओवर मेडे लगेच, माणूस वर आल्यावर नाही. आधी हाक मारून नंतर 'गरज नाही' असं कळवलं तर कुणी रागावत नाही.

इंजिन सुरू करण्याआधी पाण्यात एकही दोरी लोंबत नाही ना ते बघा, नाहीतर पंख्याला गुंडाळी. माणसाजवळ पोचलात की गिअर काढून टाका.

इथवर पोचलेल्यांचं खरं घोडं पुढे अडतं. माणूस होडीला लागून आहे, शुद्धीत आहे, आणि वर घेता येत नाही. भिजलेले कपडे, दमलेले हात, होडीची मीटरभर उंच कड. सत्तर किलोचा माणूस त्याच्या वजनाचाच दुसरा माणूस सरळ वर ओढू शकत नाही, नवरा असो की बायको. म्हणून पाण्यातून हात पोचेल अशी शिडी, जी पाण्यातला माणूस स्वतः खाली ओढू शकेल. शिवाय चारपट ताकद देणारी कप्पी, एक टोक बूमला किंवा शीड चढवायच्या दोरीला, दुसरं लाइफजॅकेटच्या कड्याला. फार वेळ गार पाण्यात असलेल्याला शक्यतो आडवा वर घ्यावा. थंडीने दमलेल्या माणसाला एकदम उभा उचलला तर रक्तदाब कोसळू शकतो.

थंड पाण्याचा एक साधा ठोकताळा आहे, १-१०-१. पहिलं एक मिनिट धाप आवरायला, मग दहा मिनिटं हातपाय ऐकतात, आणि शुद्ध जायला सुमारे एक तास. मदत मिळवायची ती दहा मिनिटांत. मात्र हे लाइफजॅकेट असलेल्याचं गणित.

काठावरचा

बायकोलाही वाचायला दिलं. तिचं म्हणणं, आपण आधी कप्पी घेऊ, मग होडी.

नकाशेवाला

वहिनींना नमस्कार सांगा.

मोठ्या जहाजांचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. लोकांचा समज असतो की शिडाच्या होडीला सगळे वाट देतात. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत यंत्रावरच्या जहाजाने शिडाच्या होडीला वाट द्यावी असं आहे खरं, पण त्याला फाटे आहेत. अरुंद मार्गात जे जहाज त्या मार्गाबाहेर सुरक्षित जाऊच शकत नाही, त्याच्या आड शिडाच्या होडीने यायचं नाही. मासेमारी करत असलेल्या बोटीला शिडानेच वाट द्यायची. मागून गाठणाऱ्याने बाजूने जायचं, मग तो शिडावर असला तरी. आणि इंजिन गिअरमध्ये टाकलंत की वर शीड असलं तरी तुम्ही यंत्रावरचे. दिवसा पुढे टोक खाली केलेला काळा शंकू टांगायचा असतो. तो टांगलेला मी फार क्वचित पाहिलाय.

शिडाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या तर ज्याच्या डाव्या अंगावर वारा त्याने वाट द्यायची. दोघांना एकाच अंगावर असेल तर वाऱ्याकडच्याने.

टक्कर होणार का हे ओळखायला साधन लागत नाही. दुसरं जहाज तुमच्या होडीच्या एखाद्या खांबाच्या रेषेत धरा, होडीची दिशा न बदलता. ते त्या खांबावरच राहिलं आणि मोठं होत गेलं, तर धडकणार. २० नॉटचं जहाज एक मैल तीन मिनिटांत कापतं. दोघंच असताना एकाने सुकाणू धरून जिबच्या आडोशाला बघणं राहून जातं, तिथेच घोळ होतो. दर काही मिनिटांनी वाकून जिबखाली बघायचं काम दुसऱ्याला नेमून द्या.

लाटालाटी

लाट लागण्याबद्दल. आमच्यात ती मलाच लागते. गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून आधी घरी घेऊन बघा आणि डॉक्टरांना विचारा. सगळ्यात गुणकारी म्हणजे सुकाणू हातात घेणं आणि नजर क्षितिजावर. आत जाऊन नकाशा वाचणं हा आजाराला आवतण देण्याचा प्रकार. त्यामुळे आमच्याकडे नकाशा तो बघतो आणि होडी मी चालवते. लोकांना वाटतं आम्ही फार पुढारलेले आहोत.

आडवा_वारा

=)) =))

अवांतर: दोघांची होडी म्हटलं की एरिक आणि सुझन हिस्कॉक आठवतात. 'वाँडरर थ्री' ही ३० फुटी होडी घेऊन १९५२ ते १९५५ जगाला वळसा घातला. लिन आणि लॅरी पार्डी तर स्वतः बांधलेल्या २४ फुटी 'सेराफिन'वर, इंजिनच नसलेल्या. होडी लहान म्हणून दोघांना झेपली, असं माझं मत. शिडाचं क्षेत्रफळ वाढलं की प्रत्येक दोरीची ओढ वाढते आणि मग विजेच्या विंचेशिवाय (दोरी ओढणाऱ्या रहाटाशिवाय) गत्यंतर नाही. नवीन लोक हौसेने मोठी होडी घेतात आणि ती धक्क्यालाच बांधलेली राहते.

दोन_अधिक_दोन

सहमत, पण इंजिन काढून टाकायचा सल्ला नवख्यांना नको. वारा पडला आणि प्रवाह उलटा, तर अंधाराआधी घरी पोचवणारं तेच. निघताना इंधन तीन भागांत मोजा: जायला एक, यायला एक, एक शिल्लक.

काठावरचा

आम्ही दोघांनी शिकायला नाव घालायचं ठरवलंय, वेगवेगळ्या तुकड्यांत. एकाच तुकडीत गेलो तर जो आधी शिकेल तो दुसऱ्याच्या हातातून दोरी घेईल, असं तिचं म्हणणं. शिकून झाल्यावर पहिला दिवस कसा निवडावा?

मतलई

वहिनींचं बरोबर आहे, वेगळ्या तुकड्याच घ्या.

पहिला दिवस भांगाच्या भरतीचा निवडा, उधाणाचा नको. पाणी कमी चढतं-उतरतं, प्रवाह मवाळ असतो. वारा ८ ते १० नॉटचा, दिवसभर वाढणार नाही असा अंदाज असलेला. वारा आणि प्रवाह एकमेकांविरुद्ध असतील त्या तासांत तोंडावर जाऊ नका, लाटा आखूड आणि उभ्या होतात, लहान होडी नुसती आपटत राहते. रीफ धक्क्यावरच बांधून निघा. सोडायचा झाला तर सोपं आहे. किनाऱ्यावरच्या एखाद्या माणसाला परतायची वेळ सांगून ठेवा, आणि त्या वेळेनंतर किती वाट बघून कुणाला कळवायचं तेही. उशीर होणार नसला तरी दिवे लागतात का ते बघा, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा.

आणि कुठेही जाऊ नका. बंदराच्या तोंडाबाहेर मोकळ्या पाण्यात होडी थोपवून बघा, आलटून पालटून, प्रत्येकाने एकट्याने. दुसऱ्याने हात मांडीखाली घेऊन बसायचं. मग फेंडरला (होडीच्या कडेला लावतात त्या हवेच्या फुग्याला) बादली बांधून पाण्यात टाका आणि तो माणूस आहे असं समजून परत मिळवा. बादली पाण्याने भरते म्हणून फेंडर वाऱ्याने उडत जात नाही, माणसासारखा जागी राहतो. तोही दोघांनी, एकेकट्याने. जेवण थोपवलेल्या होडीवर.

जुना_तांडेल

बादलीची कडी आधी ओढून बघा. भरलेली बादली चालत्या होडीवरून गळाने उचलायला गेलात की प्लॅस्टिकची कडी निसटते आणि बादली तळाला. दोरी कडीला नको, बुडाशी दोन भोकं पाडून त्यांतून ओवा.